बर्फावरच्या शनिवार-रविवारचे निकाल: चाकांवर पळणारी आमची पोरं आणि त्यांचे मायबाप विचारतात ते प्रश्न

आमच्या गावात बर्फ दिसतो तो लग्नात आणि गोळेवाल्याच्या हातगाडीवर. तरी नोव्हेंबर ते मार्च या काळात दर सोमवारी सकाळी पोरं मला एकच विचारतात, "मॅडम, काय झालं तिकडं?" तिकडं म्हणजे नेदरलँड्स, नॉर्वे, कॅनडा, जिथे कुठे त्या आठवड्यात बर्फावरच्या स्पीड स्केटिंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा असेल तिथे. मी शाळेत खेळ शिकवते. होळी ते दसरा आम्ही जिनिंगच्या आवारातल्या कोब्यावर सराव करतो. कापसाच्या गाड्या लागल्या की सकाळी सहा ते सात फाट्याकडे जाणाऱ्या सिमेंट रस्त्यावर. दोन्ही टोकांना एकेक पालक लाल फडकं घेऊन उभा असतो.

पोरांना मोबाईलवर निकाल दिसतो, पण नुसते आकडे बघून काही कळत नाही. पालकांना तर अजिबातच नाही. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न परत परत आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

हा खेळ नेमका कोणता? आमचं पोरगं तर चाकावर पळते.

तीन वेगळे खेळ आहेत आणि तिन्हींना लोक स्पीड स्केटिंगच म्हणतात. पहिला लाँग ट्रॅक. त्यात ४०० मीटरचा बर्फाचा लंबगोल ट्रॅक असतो, दोन-दोन खेळाडू सुटतात आणि सगळा खेळ घड्याळाशी असतो. दुसरा शॉर्ट ट्रॅक. तिथे फेरी फक्त १११.१२ मीटरची, चार-पाच जण एकत्र सुटतात आणि जो आधी पोचेल तो पहिला. तिसरा आपला, चाकांचा, म्हणजे रोलर. चाकांचा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, आशियाई स्पर्धेत मात्र खेळला गेला आहे. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी जे लांबलचक निकाल येतात ते बहुतेक लाँग ट्रॅकचे, म्हणून खाली जास्त त्याच्याबद्दलच आहे.

निकाल उघडला की आधी काय बघायचं?

वेळ. झेंडा नाही, नाव नाही, पदकाचं चित्रही नाही. ३४.१० लिहिलं असेल तर चौतीस सेकंद आणि एका सेकंदाचे शंभरातले दहा भाग. १:०७.११ म्हणजे एक मिनिट सात सेकंद आणि वर अकरा शतांश.

हा ३४.१० मी उगीच घेतला नाही. मार्च २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या हेरेनवेनला जागतिक स्पर्धा झाली. तिथे जॉर्डन स्टोल्झ या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने ५०० मीटर इतक्या वेळात मारलं. उभ्या जागेवरून सुटून सरासरी ताशी जवळपास ५३ किलोमीटर. आपल्या रस्त्यावर मोटारसायकल त्या वेगाने गेली तर आपण "हळू चालव रे" म्हणून ओरडतो. त्याच चार दिवसांत स्टोल्झने १००० आणि १५०० मीटरही जिंकलं. एकाच जागतिक स्पर्धेत वैयक्तिक अंतरांची तीन सुवर्णं कोणा पुरुषाने त्याआधी घेतली नव्हती. मुलींमध्ये ५०० मीटर फेमके कॉकने आणि १००० मीटर युटा लेर्डामने जिंकलं, दोघी नेदरलँड्सच्या. कॉकने मग २०२४ आणि २०२५ लाही ५०० मीटरचं जागतिक सुवर्ण सोडलं नाही.

दोघेच पळतात. मंग जो पुढे तोच जिंकला ना?

नाही. हा प्रश्न एका आजोबांनी विचारला होता आणि उत्तर त्यांच्याच तोंडून निघालं. मी त्यांना म्हटलं, "आबा, शंकरपटातल्या बैलजोड्या आठवा." ते लगेच म्हणाले, "म्हंजे जोडी किती सेकंदात गेली ते पाह्याचं!" बरोबर तेच. शेजारच्या दाणीत, म्हणजे लेनमध्ये, कोण आहे याने काही ठरत नाही, घड्याळ ठरवतं. आपल्या जोडीदाराला मागे टाकूनही खेळाडू अकरावा येऊ शकतो, आणि जोडीदारामागे राहूनही दुसरा. म्हणून शेवटची जोडी पळेपर्यंत निकाल कच्चा असतो. चांगले खेळाडू बहुधा शेवटच्या जोड्यांमध्ये येतात. दुपारी कोणाचं नाव वर दिसलं म्हणून पेढे वाटायला घेऊ नका.

आतली लेन जवळची पडते. मग हा अन्याय नाही का?

पोरांना हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो, याचा मला फार आनंद होतो, कारण म्हणजे त्यांनी ट्रॅक नीट पाहिलेला असतो. आतलं वळण खरंच लहान असतं. म्हणून प्रत्येक फेरीत दोघे लेन बदलतात. समोरच्या सरळ भागात आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. दोघे एकाच वेळी तिथे पोचले तर बाहेरून आत येणाऱ्याला आधी वाट द्यायची. धडक झाली तर चूक आतून बाहेर जाणाऱ्याची धरतात. ओळखायला सोपं जावं म्हणून आतून सुटणाऱ्याच्या दंडावर पांढरी पट्टी असते आणि बाहेरून सुटणाऱ्याच्या दंडावर लाल.

लेन चुकली तर काय होतं? २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटरची शर्यत होती, पंचवीस फेऱ्यांची. नेदरलँड्सचा स्वेन क्रामर सगळ्यांच्या पुढे होता. शर्यत बरीच उरकलेली असताना बाहेरच्या लेनकडे निघालेल्या क्रामरला त्याच्या प्रशिक्षकाने आतली लेन दाखवली. क्रामर आत वळला. पुढच्या सगळ्या फेऱ्या त्याने जीव तोडून मारल्या आणि दुसऱ्यापेक्षा चार सेकंद आधी रेषा ओलांडली. रेषेनंतर त्याला कळलं की तो बाद झाला आहे. सुवर्ण कोरियाच्या ली सिऊंग-हूनला गेलं. हे मी पोरांना सांगते तेव्हा प्रशिक्षक म्हणून माझ्याच पोटात गोळा येतो. कडेला उभं राहून चुकीच्या वेळी हात केला की चार वर्षांची मेहनत जाते. म्हणूनच सरावाला मुलं पळत असताना मी पालकांना बाजूने ओरडू देत नाही. त्याचा कोणी राग धरू नये.

तोच खेळाडू, तेच अंतर, पण वर्षभरात वेळ इतकी कमी कशी झाली?

निकाल वाचताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्टोल्झने हेरेनवेनला मार्च २०२३ मध्ये ५०० मीटर ३४.१० मध्ये मारलं. फेब्रुवारी २०२४ ला कॅनडातल्या कॅल्गरीत तेच विजेतेपद त्याने ३३.६९ मध्ये घेतलं. १००० मीटरला १:०७.११ वरून थेट १:०६.०५. मुलगा वर्षभरात वाढला, सुधारला, हे आहेच. पण मोठा फरक जागेचा आहे. हेरेनवेन समुद्राच्या पातळीजवळ आहे. कॅल्गरी हजार मीटरच्या थोडी वर. म्हणजे साधारण आपल्या चिखलदऱ्याइतकी उंच, आपलं चिखलदरा सुमारे ११०० मीटर भरतं. उंचावर हवा विरळ असते. पन्नास किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला बर्फापेक्षा हवाच जास्त अडवते. ती पातळ झाली की वेळ आपोआप खाली येते. अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी तर चौदाशे मीटरच्याही वर आहे. पुरुषांच्या ५०० मीटरचा ३३.६१ हा विक्रम पावेल कुलिझनिकोवने २०१९ मध्ये तिथेच केला. कोरियाच्या ली सांग-ह्वाने २०१३ मध्ये केलेला ३६.३६ चा महिलांचा विक्रमही तिथलाच, आणि तो दहा वर्षांहून जास्त टिकला.

म्हणून दोन वेगवेगळ्या गावांच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून "हा सुधारला, ती घसरली" असं म्हणू नका. काळ्या जमिनीचं पीक आणि मुरमाड जमिनीचं पीक एका मापाने कोणी मोजतं का? निकालात प्रत्येक ट्रॅकचा वेगळा विक्रम लिहिलेला असतो, त्याच्याशी ताडून बघा. उंचावर वेळ कमी, हा नियम कधी उलटाही पडतो, आणि तेव्हा तो पराक्रम मोठा समजायचा. स्वीडनच्या नील्स व्हान डर पूलने २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, उंचीचा काही फायदा नसताना, १०,००० मीटरचा १२:३०.७४ असा विक्रम केला. तो मोडला जानेवारी २०२५ मध्ये इटलीच्या दाविदे गियोत्तोने, १२:२५.६९ वेळेत, कॅल्गरीला.

दोघांची वेळ अगदी सारखी, तरी एकाला सुवर्ण, दुसऱ्याला रौप्य. असं काहून?

कारण घड्याळ हजारांशापर्यंत मोजतं, कागदावर मात्र शतांशच दिसतो. २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरला पोलंडचा झ्बिग्निएव ब्रुद्का आणि नेदरलँड्सचा कून व्हरवे, दोघांची वेळ १:४५.०० दिसत होती. आत पाहिलं तर ब्रुद्का तीन हजारांशाने पुढे. त्या वेगात तीन हजारांश म्हणजे जेमतेम चार सेंटिमीटर, एका आगपेटीची लांबीही नाही. ब्रुद्का पोलंडमध्ये अग्निशमन दलात नोकरी करत होता.

शेवटच्या रेषेवर छाती पुढे घालायची की पाय?

पाय. धावण्यात छाती मोजतात, इथे स्केटचं टोक. बर्फावर पात्याचं टोक, आपल्याकडे पहिल्या चाकाचं.

यावर मी प्रत्येक नव्या तुकडीला एकच शर्यत दाखवते. ऑक्टोबर २०२३, हांगझोऊची आशियाई स्पर्धा, पुरुषांची ३००० मीटर रिले. कोरियाचा शेवटचा खेळाडू सगळ्यात पुढे होता. रेषा समोर दिसली आणि त्याने दोन्ही हात वर केले. मागून तैवानच्या हुआंग यू-लिनने डावा पाय लांबवला, नुसता ताणून. वेळा निघाल्या ४:०५.६९२ आणि ४:०५.७०२. सुवर्ण तैवानला. आणि याच शर्यतीत कांस्य कोणाला मिळालं? आपल्याला! आनंदकुमार वेलकुमार, आर्यनपाल सिंग घुमान, आणि आपल्या महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे व विक्रम इंगळे. त्याच दिवशी भारतीय मुलींनीही ३००० मीटर रिलेत कांस्य आणलं.

फक्कीने आखलेल्या आमच्या रेषेपुढे पाच मीटरवर मी एक वीट ठेवते. मुलांनी रेषेपर्यंत नाही, विटेपर्यंत पळायचं असतं.

पॉइंट कमी असणारा पहिला कसा?

"ऑलराउंड" आणि "स्प्रिंट" या स्पर्धांत चार शर्यती मिळून एक विजेता काढतात. आता ५०० मीटरची वेळ आणि ५००० मीटरची वेळ एकत्र कशी करायची? आपण एकरी उतारा काढतो तसं. एकाचं शेत पाच एकर, दुसऱ्याचं दीड, नुसते क्विंटल सांगून कळत नाही, एकरी किती ते काढावं लागतं. इथे एकराऐवजी ५०० मीटर. १००० मीटरची वेळ सेकंदांत करून दोनाने भागायची, १५०० ची तीनाने, ५००० ची दहाने, १०,००० ची वीसाने. म्हणजे कोणी १००० मीटर १:१०.०० मध्ये मारलं तर सत्तर सेकंद भागिले दोन, पस्तीस पॉइंट. चारही शर्यतींचे पॉइंट मिळवायचे. ही बेरीज सेकंदांचीच, म्हणून सगळ्यात कमी तो विजेता. सातवीतल्या पोरांना भागाकार शिकवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

वर्ल्ड कपचे गुण मात्र उलटे असतात. तिथे पहिल्याला ६०, दुसऱ्याला ५४, तिसऱ्याला ४८, आणि हंगामाच्या शेवटी ज्याचे जास्त तो पुढे. निकालाचं पान उघडल्यावर ही स्पर्धा कोणती ते आधी वाचा, नाहीतर घोळ होतो.

डीक्यू, डीएनएस, डीएनएफ म्हणजे?

डीक्यू म्हणजे बाद, डीएनएस म्हणजे सुटलाच नाही, डीएनएफ म्हणजे सुटला पण पूर्ण केलं नाही. पीबी लिहिलं असेल तर त्या खेळाडूची आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ. मी पोरांना निकालात पीबी शोधायला लावते. कधी कधी सतराव्या नंबरच्या मुलीपुढे पीबी असतं आणि पहिल्या नंबरपुढे नसतं.

शॉर्ट ट्रॅकमध्ये मागचा माणूस पहिला कसा झाला?

कारण पुढचे पडले. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये १००० मीटरच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या वळणावर पुढचे चौघे एकमेकांत अडकून पडले आणि मागून येणारा ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी उभ्याने रेषा ओलांडून गेला. लोक त्याला नशीबवान म्हणून मोकळे होतात. १९९४ मध्ये दुसऱ्याच्या पात्याने त्याची मांडी कापली गेली होती, १११ टाके पडले होते. २००० मध्ये सरावात मान मोडली. तरी तो २००२ ला त्या रेषेवर उभा होता. शर्यत संपेपर्यंत उभं राहणं हासुद्धा खेळच आहे.

तिथला शनिवार आपल्याकडे रविवार कसा?

कॅल्गरी हिवाळ्यात आपल्यामागे साडेबारा तास असते. तिथे शनिवारी दुपारी एक वाजता आपल्याकडे रविवारची पहाट लागायची असते, रात्रीचा दीड. हेरेनवेन हिवाळ्यात साडेचार तासच मागे, ते रात्री जेवताना बघता येतं. पोरांनो, कॅल्गरीसाठी जागू नका. निकाल सकाळीही तोच असतो.

या सगळ्यात आपल्या भारताचं नाव कुठे आहे?

बर्फाच्या लाँग ट्रॅकमध्ये अजून अगदी थोडं. ४०० मीटरचा कृत्रिम बर्फाचा ट्रॅक आपल्या देशात नाही. तरी गुजरातचा विश्वराज जाडेजा परदेशात सराव करून भारताच्या नावाने उतरला आहे. शॉर्ट ट्रॅकसाठी डेहराडूनला बंदिस्त रिंक आहे, तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई देशांची स्पर्धा झाली. सिमल्याची नैसर्गिक बर्फाची रिंक १९२० पासूनची. लेहला तळं गोठलं की त्यावर शर्यती होतात.

चाकांवर मात्र आपण पोचलो. सप्टेंबर २०२५, चीनमधलं बेईदाईहे, जागतिक स्पर्धा. चेन्नईच्या आनंदकुमार वेलकुमारने १००० मीटर १:२४.९२४ मध्ये मारून सुवर्ण घेतलं, या खेळातला भारताचा पहिला जगज्जेता. त्याच स्पर्धेत ५०० मीटरला कांस्य आणि ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनला आणखी एक सुवर्ण. त्या सोमवारी जिनिंगच्या आवारात आमच्या पोरांनी जो आरडाओरडा केला, तो ऐकून चौकीदार काठी घेऊन धावत आला होता.

आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री. मॅडम, बर्फाचे निकाल वाचून पोरांना काय मिळते?

एका आईने हे विचारलं तेव्हा ती दिवसभर निंदण करून आली होती. तिला खरं उत्तर मिळायला हवं.

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचा उष्ण प्रदेश आहे, बर्फ नाहीच. तिथल्या ओकाला गावात एरिन जॅक्सन नावाची मुलगी चाकांवर स्केटिंग शिकली. मोठी झाल्यावर बर्फावर उतरली आणि काही महिन्यांतच २०१८ च्या ऑलिम्पिक संघात गेली. २०२२ ला तिने ५०० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. त्याआधी निवड चाचणीत ती घसरली होती, तिची जागा गेली होती. ब्रिटनी बो या तिच्याच गावच्या मैत्रिणीने आपली जागा तिला दिली. बोसुद्धा चाकांवरूनच आलेली. बेल्जियमचा बार्ट स्विंग्स, २०२२ चा मास स्टार्टचा (सगळे एकदम सुटतात त्या शर्यतीचा) सुवर्णविजेता, तोही चाकांचाच. कंबर खाली, गुडघे वाकलेले, वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकायचा: चाकांवर आणि बर्फावर अंग हेच करतं.

ताई, तुमची पोरगी ऑलिम्पिकला जाईल असं वचन मी देत नाही. पण गेल्या दसऱ्याला ती ५०० मीटर १:१८ मध्ये मारत होती आणि आता १:०४ मध्ये मारते. हे तिने स्वतः वहीत लिहिलंय, तारखेसकट. शालेय स्पर्धांमध्ये रोलर स्केटिंग आहे, जिल्ह्याला जायची तयारी तिची झालेली आहे.

स्केट्स मध्येच जाम का होतात?

रुई! कापसाच्या गाडीतून उडालेली रुई रस्त्यावर पडते, चाकाबरोबर फिरते आणि बेअरिंगच्या कडेला काळ्या दोऱ्यासारखी गुंडाळून बसते. चाक हाताने फिरवून बघा, आठ-दहा सेकंद फिरायला हवं. लगेच थांबलं तर चाक काढा, चिमट्याने दोरा ओढा, बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवून कापडाने कोरडं करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका. जास्त तेल टाकलं की आणखी रुई चिकटते. उन्हात तापलेल्या सिमेंटवर चाकं लवकर झिजतात, म्हणून उन्हाळ्यात सराव साडेपाचला, साडेसहाला बंद. महिन्यातून एकदा डाव्या-उजव्या स्केटची चाकं आपसात बदला, वळणं एकाच बाजूची असल्याने आतली कड आधी जाते.

ऑनलाइन मागवताना एकदा आमची फसवणूक झाली. नऊ जोड्यांपैकी चारांना प्लास्टिकची चाकं निघाली, नखाने दाबली तरी कळेल अशी टणक. पैसे परत यायला तीन महिने लागले. आता पार्सल उघडताना मी व्हिडिओ काढते, तुम्हीही काढा.

निकाल आणि पोरांच्या वेळा कुठे बघायला मिळतील?

शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर, दर सोमवारी प्रार्थनेआधी. वरच्या अर्ध्यात जगातल्या वेळा, खालच्या अर्ध्यात आपल्या. ज्याची पीबी झाली असेल त्याच्या नावापुढे पिवळ्या खडूची खूण. या महिन्यात लिहायची पाळी सातवीची आहे, पिवळा खडू संपलाय, येताना घेऊन या.